पांढऱ्या डोळ्यांची चिलटं

भाचीने फक्त नाव मागितलं होतं.

"मामा, नुसतं नाव दे," ती म्हणाली. "फॉर्म मी भरते, फी मी भरते. तुला कॉलेजचं तोंडसुद्धा बघावं लागणार नाही."

भाची कॉलेजात सामान्य जीवशास्त्र शिकवायची. कॉलेज तसं आडबाजूचं. शहर म्हणावं तर फार लहान आणि खेडं म्हटलं तर लोकांना राग येईल अशा गावातलं. त्या वर्षी सामान्य जीवशास्त्राला चौदा विद्यार्थी आले होते आणि विषय चालू ठेवायला पंधरा लागायचे. चौदांपैकी अकरा बायकामुली. त्या आसपासच्या वस्त्यांतून सकाळच्या बसने यायच्या आणि दुपारच्या बसने जायच्या. उरलेले तीन मुलगे, ते दुसरीकडे कुठेच जागा न मिळाल्यामुळे आलेले. बाकी सगळे मुलगे कॉम्प्युटरकडे गेले होते. कॉम्प्युटरच्या वर्गात खुर्च्या कमी पडत होत्या आणि जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत सांगाडा धरूनही माणसं कमी पडत होती. विषय बंद झाला की भाचीची नोकरीही बंद, कारण ती अजून कायम झालेली नव्हती.

मामा विमा कंपनीच्या दावे विभागातून निवृत्त झालेले. लोकांच्या अर्जात काय नाही हे शोधून काढण्यात त्यांचं सारं आयुष्य गेलं. अर्जात काय आहे हे बघणारे दुसरे होते, ते वर बसायचे. अशा माणसाकडे नुसतं नाव मागायचं म्हणजे पट्टीच्या पोहणाऱ्याला नुसते पाय ओले कर म्हणून सांगण्यासारखं होतं.

"नाव माझं आणि हजेरी कुणाची?" मामांनी विचारलं.

"ती मी लावीन ना."

"म्हणजे खोटी."

"अहो, तिची नोकरी जातेय," स्वयंपाकघरातून मामी म्हणाल्या, "आणि तुम्ही कसले प्रश्न विचारताय?"

"मी नाही म्हणालोच नाही," मामा म्हणाले. "मी जाणार आहे."

"कुठे?"

"वर्गात."

भाचीला तेव्हाच थोडी कल्पना आली असावी, पण दुसरं नाव तिच्याकडे नव्हतं.

प्रवेशाच्या खिडकीपाशी मामांना आयुष्यात पहिल्यांदा कळलं की खिडकीच्या बाहेरून खिडकी कशी दिसते. आतला कारकून तरुण होता, पण धंद्यात मुरलेला. त्याने कागद उलटेसुलटे केले आणि म्हणाला, "पालकाची सही राहिलीय."

"माझे वडील वारले."

"कधी?"

"तुमच्या जन्माच्या आधी."

"मग दुसरे कोणी पालक?"

"अहो, मी एकोणसाठ वर्षांचा आहे."

"ते वरच्या रकान्यात आलंय," कारकून समजुतीच्या सुरात म्हणाला. "हा रकाना वेगळा आहे. रिकामा ठेवला तर कॉम्प्युटर फॉर्म घेत नाही."

कारकुनाचं बरोबर होतं. त्याच्या जागी मामा असते तर त्यांनीही हेच म्हटलं असतं, फक्त कॉम्प्युटरचं नाव न घेता. ते घरी गेले आणि फॉर्म घेऊन आले. त्यावर लिहिलं होतं, पालकाचे विद्यार्थ्याशी नाते : पत्नी. खाली मामींची सही. 'माझा पाल्य वर्गात शिस्तीने वागेल याची हमी देते' या छापील वाक्यापुढे मामींनी आपणहून एक प्रश्नचिन्ह काढलं होतं. कारकुनाने ते बघितलं आणि शिक्का मारला.

मग खंडाचं प्रतिज्ञापत्र निघालं. शेवटची परीक्षा आणि हा प्रवेश यांच्यामध्ये जो खंड पडला त्यात विद्यार्थ्याने काय केलं, हे शपथेवर लिहून द्यायचं होतं. हे कलम एखादं वर्ष आजारपणात गेलेल्या मुलांसाठी असावं. मामांचा खंड बराच मोठा होता. त्यांनी लिहिलं, 'सदर कालावधीत मी नोकरी, विवाह व इतर किरकोळ कामे केली.'

"लग्न किरकोळात घातलंत?" मामींनी विचारलं.

"किरकोळ हे 'इतर'चं विशेषण आहे."

"बघितलं मी कशाचं आहे ते," मामी म्हणाल्या. त्या दिवशी चहा मिळाला, पण समोर आणून ठेवला गेला नाही.

फीचं प्रकरण तर वेगळंच. मुलींना निम्मी फी माफ होती, बाहेरगावच्यांना बसभाड्यात सूट होती, आईबाप शेतमजूर असतील तर काही शुल्कं रद्द, साठीपुढच्यांना सगळ्यातच सवलत. मामा पुरुष, स्थानिक, बाप नसलेले आणि साठीला एक वर्ष कमी. कारकुनाने एकेक सवलत वाचून दाखवली आणि मामांनी प्रत्येकीला नकारार्थी मान हलवली.

"तुम्ही पूर्ण फी भरणारे या विषयाचे पहिलेच विद्यार्थी," कारकून म्हणाला. त्याच्या आवाजात आदर होता की दया हे मामांना ठरवता आलं नाही. पावती मात्र त्यांनी नीट वाचली. शिकवणी शुल्क अगदीच मामुली, पण खाली शेपूट लांबलचक. प्रयोगशाळा अनामत, काचसामान, ओळखपत्र, क्रीडा, स्नेहसंमेलन, इतर, आणि शेवटी 'इतर आकस्मिक'. इतर आणि इतर आकस्मिक यांत फरक काय, असं मामांनी विचारलं तेव्हा मागची रांग कुरकुरायला लागली. भाचीने पैसे पुढे केले, ते मामांनी तिच्या हातात परत दिले. क्रीडा शुल्क आपण भरलंय हे मात्र ते विसरले नाहीत. दर बुधवारी तास संपले की ते कॉलेजच्या क्रीडा विभागात जाऊन कॅरम खेळत. आवडायचा म्हणून नव्हे. शुल्क भरल्यावर खेळायचं नाही म्हणजे कंपनीला फुकट पैसे सोडण्यासारखं, एवढाच मुद्दा होता.

पहिल्याच तासाला भाचीकडून चूक झाली. मामा फळ्यासमोरच्या बाकावर बसून आले-गेल्याला दिसत होते, म्हणून ती घाईत म्हणाली, "मामा, तू जरा मागे बस ना." मग जीभ चावली आणि म्हणाली, "म्हणजे, तुम्ही मागे बसा." पण व्हायचं ते झालं होतं. दुपारपर्यंत मामा साऱ्या कॉलेजचे मामा झाले.

यात अडचण अशी होती की कॉलेजात एक मामा आधीपासून होते. ते शिपाई. घंटा देणं, फळा पुसणं, प्रयोगशाळेचं कुलूप उघडणं ही सगळी कामं त्यांची. आता कोणी "मामा, किल्ली!" म्हणून ओरडलं की दोघेही वळून बघत. शिपाईमामांना हे अजिबात रुचलं नाही. "इतकी वर्षं सर्व्हिस झाली माझी," ते म्हणाले, "आणि हे काल आले." कोणीतरी तोडगा काढला की एकाला घंटामामा आणि दुसऱ्याला जीवमामा म्हणावं. दोघांनाही ते अपमानास्पद वाटलं आणि त्यामुळे दोघांत पहिल्यांदा जरा सलोखा झाला.

वर्गात मामांच्या शेजारी वहिनी बसायच्या. त्या एका दवाखान्यात मदतनीस होत्या, दोन मुलांची आई, रात्रपाळी करून थेट वर्गात येणाऱ्या. पदवी मिळाली तर परिचारिकेच्या शिक्षणाला जाता येईल म्हणून आलेल्या. तासभर त्यांचा एक डोळा मिटलेला असायचा. मामा त्यांना कोपराने जागं करत आणि त्या मामांना अवघड शब्दांचे अर्थ सांगत. बाकीच्या मुली मामांपासून सुरुवातीला अंतर राखून होत्या. पण एकदा परीक्षेच्या फॉर्ममध्ये एकीचं आडनाव चुकलं आणि मामांनी खिडकीपाशी जाऊन कारकुनाशी त्याच्याच भाषेत बोलून ते दुरुस्त करून आणलं. तेव्हापासून वर्गातल्या सगळ्या अर्जांचं मुखत्यारपत्र त्यांच्याकडे आलं.

शेजारीपाजारी गप्प बसणारे नव्हतेच. खालच्या मजल्यावरचे निवृत्त कंपाउंडर म्हणाले, "सूक्ष्मदर्शकात फार बघू नका, या वयात डोळा एकदा तिथे लागला की परत येत नाही." समोरच्या काकूंनी मामींना बाजूला घेऊन विचारलं की पेन्शनमध्ये काही भानगड झालीय का. इमारतीचे सेक्रेटरी, हे निवृत्त शाळातपासनीस, भेटले की फक्त "कितवीत?" एवढंच विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता जिना चढून जायचे. मामांच्या मते सल्ले परवडले, पण हे 'कितवीत' फार लागायचं.

इथवर सगळं ठीक होतं. खरं प्रकरण चिलटांपासून सुरू झालं.

दुसऱ्या सत्रात आनुवंशिकतेचा प्रयोग होता. त्यासाठी जी माशी वापरतात तिला पुस्तकात फळमाशी म्हणतात. घरात तिला आपण चिलट म्हणतो, पिकलेल्या केळ्यावर घोंगावतं ते. साधारण चिलटाचे डोळे लाल असतात. प्रयोगशाळेत पांढऱ्या डोळ्यांचीही एक जात जपून ठेवलेली असते. लाल आणि पांढऱ्यांचं लग्न लावायचं, मुलांचे डोळे बघायचे, मग नातवंडांचे डोळे बघायचे आणि कोणाला आजोबांचे डोळे मिळाले ते मोजायचं. मामांना हा प्रयोग मनापासून आवडला. वारसदारांची तपासणी त्यांनी नोकरीत पुष्कळ केली होती, पण इतक्या झटपट मुलं होणारं आणि एकही कागद न मागता वारसा मिळवणारं कुटुंब त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं.

प्रत्येक विद्यार्थ्याची एक बाटली. तळाशी केळ्याचा लगदा आणि खमीर, वर कापसाचा बोळा. मुलं झाली, सगळी लाल डोळ्यांची. नातवंडांची वेळ आली आणि तेवढ्यात कॉलेजला सुट्टी लागली. सुट्टीत कॉलेजची वीज बंद ठेवतात हे कोणाच्या लक्षात नव्हतं. वीज नाही म्हणजे पंखा नाही, आणि पत्र्याच्या छपराखालच्या प्रयोगशाळेत चिलटं उकडून मरणार.

"ज्याने त्याने आपली बाटली घरी न्या," भाची म्हणाली.

वर्गात चुळबूळ झाली. बसमधून बाटली नेली तर कंडक्टर खाली उतरवेल, एक मुलगी म्हणाली. दुसरी म्हणाली की माझ्या घरी खोली एकच, आजी ती बाटली जाळून टाकेल. वहिनी म्हणाल्या, "माझी धाकटी काहीही पिते." तीन मुलगे काहीच म्हणाले नाहीत, पण त्यांच्या हातात बाटली सुरक्षित राहील असं त्यांनाही वाटत नव्हतं.

"माझ्या गॅलरीत सावली असते," मामा म्हणाले.

अशा रीतीने पंधरा बाटल्या टॅक्सीत बसून मामांच्या घरी आल्या.

मामींनी दार उघडलं, खोकं बघितलं आणि विचारलं, "हे काय?"

"गृहपाठ."

"कुणाचा?"

"सगळ्यांचा."

पहिले दोन दिवस मामींनी गॅलरीत कपडे वाळत घातले नाहीत. तिसऱ्या दिवशी फ्रीजमध्ये दुधाच्या पातेल्याशेजारी एक बाटली सापडली. मोजायच्या आधी चिलटांना गारठवून गुंगी आणावी लागते, हे मामांनी शांतपणे समजावून सांगितलं.

"दुधाला लागून?"

"बोळा घट्ट आहे."

"माझ्या घशाशी आलंय," मामी म्हणाल्या. त्या दिवसापासून दूध समोरच्या काकूंच्या फ्रीजमध्ये राहायला गेलं. त्यामुळे काकूंना सगळं कळलं, आणि काकूंना कळलं म्हणजे तळमजल्यापर्यंत कळलं.

मोजणं हे काम सोपं नव्हतं. गारठलेली चिलटं पांढऱ्या बशीत पसरायची, भिंगातून बघायची, रंगाच्या मऊ कुंचल्याने लाल एकीकडे आणि पांढरी एकीकडे सारायची. मामांनी बोळे काढले, बोळे घातले. पंधरा कुटुंबांच्या खानेसुमारीत एखादा बोळा जरा सैल राहिला असेल, नाही असं नाही. काही नातवंडं मधेच शुद्धीवर आली आणि निघून गेली. 'सहा व्यक्ती अनुपस्थित' असा शेरा मामांनी त्या बाटलीवर मारला आणि पुढे गेले.

चार दिवसांत साऱ्या इमारतीत चिलटं दिसायला लागली. खरं सांगायचं तर ते दिवसच तसे होते, ऊन होतं, फळं पिकत होती, कचरा वेळेवर उचलला जात नव्हता. चिलटं एरवीही झालीच असती. पण आता त्यांना पत्ता मिळाला होता.

कंपाउंडर लिंबू घेऊन आले. "चार फोडी बाटलीभोवती ठेवा, पळतात."

"मला पळवायची नाहीत, मला ठेवायची आहेत," मामा म्हणाले.

"मग उपाय नाही," कंपाउंडर म्हणाले आणि लिंबू परत घेऊन गेले.

संध्याकाळी सेक्रेटरींनी मामांना बोलावून घेतलं. दिवाणखान्यात कंपाउंडर होते, काकू होत्या, शिवाय बाकीचेही दोघेचौघे. सेक्रेटरी म्हणाले, "नियमाप्रमाणे एका घरात एक पाळीव प्राणी. तुमच्याकडे किती आहेत?"

"अजून मोजणी पूर्ण झालेली नाही," मामा म्हणाले. "पण ते पाळीव प्राणी नाहीत, ते शैक्षणिक साहित्य आहे. आणि इमारतीतली चिलटं माझीच कशावरून? साधी चिलटं सगळीकडे असतात. त्यांचे डोळे लाल, माझ्यातल्या बऱ्याच जणांचेही लाल. पुराव्याशिवाय दावा टिकणार नाही."

मुद्दा बिनतोड होता. लोक एकमेकांकडे बघायला लागले. काकू तर मान डोलावूनही बसल्या. मामांना दावे विभागातले जुने दिवस आठवले असतील. तेवढ्यात सेक्रेटरींच्या बाईंनी चहा आणला आणि सेक्रेटरींनी कप उचलून खाली ठेवला. कपात एक चिलट पोहत होतं.

"हे कोणाचं?" सेक्रेटरी म्हणाले.

मामांच्या खिशात भिंग होतं. न काढता आलं असतं. चष्मा विसरलोय म्हणता आलं असतं, चहात डोळ्याचा रंग उतरतो असंही सांगता आलं असतं, आणि तिथे बसलेल्यांपैकी एकालाही ते खोटं आहे हे कळलं नसतं. पण मामांनी भिंग काढलं, चमच्याच्या टोकाने चिलट बशीच्या काठावर घेतलं आणि निरखून बघितलं.

"पांढरे डोळे," मामा म्हणाले. "आमचंच आहे."

मग जरा थांबून, शास्त्र पुरं करावं म्हणून, ते म्हणाले, "नर."

दुसऱ्या दिवशी सकाळी संपूर्ण इमारतीत औषध फवारायचं ठरलं. फवारणारा माणूस पाठीवर टाकी घेऊन फाटकात उभाही राहिला. त्याच दिवशी कॉलेज सुरू होत होतं आणि नेमकी त्याच दिवशी तपासणी समिती यायची होती. समितीचं काम एकच, विषय खरोखर चालतो का, विद्यार्थी खरोखर आहेत का हे बघायचं. मामांनी खोकं उचललं. टॅक्सीवाल्याने आत काय आहे विचारलं. मामांना खोटं बोलता येत नसल्यामुळे त्यांना दोन टॅक्स्या सोडाव्या लागल्या.

ते पोचले तेव्हा समिती प्रयोगशाळेत बसली होती. तीन माणसं, मध्ये अध्यक्ष, बोलण्यात मृदू आणि बघण्यात नाही. भाची टेबलाशी उभी होती. चौदा विद्यार्थी रांगेत, वहिनींचे आज दोन्ही डोळे उघडे. मामा दारात खोकं घेऊन उभे राहिले, तशी मागून एक मुलगी सुटकेच्या आवाजात म्हणाली, "मामा आले!"

अध्यक्षांनी वळून बघितलं. "हां, मामा," ते म्हणाले, "ते खोकं तिकडे ठेवा आणि जरा तीन चहा सांगा."

"मी ते मामा नाही," मामा म्हणाले.

"मग?"

"मी पंधरावा विद्यार्थी आहे."

अध्यक्षांनी हजेरीपट बघितला, मग भाचीकडे बघितलं, मग पुन्हा मामांकडे. "पण या मुली तुम्हाला मामा का म्हणतात?"

इथे कोणीही काहीही उत्तर देऊ शकलं असतं. भाची खरं बोलली. "कारण ते माझे मामा आहेत."

अध्यक्षांनी पेनाचं टोपण लावलं, आणि हे लक्षण बरं नव्हतं हे मामांना नोकरीतल्या अनुभवावरून कळलं. "म्हणजे," अध्यक्ष म्हणाले, "पंधरा हवेत, चौदा आले, आणि पंधरावे बाईंचे मामा."

"मी नियमित येतो," मामा म्हणाले. "पूर्ण फी भरली आहे."

"फी कोणीही भरतं. नातेवाईक तर हमखास भरतात."

"मी प्रयोग केला आहे. घरी."

"घरी केलेला प्रयोग कोणी पाहिला?"

मामा बोलायला लागले. त्यांनी खमिरापासून सुरुवात केली. लाल आजी, पांढरे आजोबा, फ्रीज, सैल बोळा, सहा अनुपस्थित व्यक्ती. ते जितकं सविस्तर सांगत तितकं अध्यक्षांना ते पाठ केल्यासारखं वाटत होतं. भाची टेबलाची कड धरून उभी होती आणि मामांना ते दिसत होतं, म्हणून ते आणखी सविस्तर सांगत होते.

तेवढ्यात व्हरांड्यात आवाज चढला. घंटामामा कोणाला तरी अडवत होते आणि ते कोणीतरी अडत नव्हते.

"कुठे आहेत तुमचे जीवशास्त्रवाले?" म्हणत सेक्रेटरी आत आले. समिती वगैरे त्यांना दिसलीच नाही. "कोण शिकवतं इथे? हा तुमचा विद्यार्थी! वर्षभर सकाळी पुस्तकं काखेत मारून जिना उतरतो, संध्याकाळी जिन्यात उभं राहून लोकांना पेशी समजावून सांगतो. माझ्या नातवाला त्याच्याच आईबापांदेखत विचारतो, तुझी कानाची पाळी सुटी की चिकटलेली? बरं, ते सोसलं. आता घरात माशा पाळल्या! माझ्या चहात माशी पडली आणि हा गृहस्थ भिंग लावून सांगतो, आमची आहे, नर आहे! अशा विद्यार्थ्याला तुम्ही प्रवेश देताच कसा? काढून टाका त्याला!"

अध्यक्ष उठून उभे राहिले. "एक मिनिट. हे गृहस्थ वर्षभर इथे शिकायला येतात, असं आपलं म्हणणं आहे?"

"म्हणणं कसलं? साऱ्या इमारतीला विचारा! लेखी देतो!"

"चहातल्या माशीचे डोळे पांढरे होते?"

"मी काय डोळ्यात बघायला गेलो होतो? हाच म्हणाला."

अध्यक्षांनी मामांकडे बघितलं. "आणि हे तुम्ही स्वतःहून सांगितलंत?"

"डोळे पांढरे होते," मामा म्हणाले. याला आणखी कारण लागतं हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

अध्यक्षांनी पेनाचं टोपण काढलं. सेक्रेटरींना खुर्ची दिली गेली, चहा दिला गेला आणि त्यांच्या सहकार्याबद्दल आभार मानले गेले. आपण नेमकं कसलं सहकार्य केलं हे त्यांना जिना चढेपर्यंत उमगलं नाही, आणि उमगल्यावर मामांशी त्यांनी महिनाभर 'कितवीत'सुद्धा केलं नाही. विषय राहिला. भाची पुढे कायमही झाली. चिलटांची मोजणी भाचीने मुलींसह तिथेच पूर्ण केली आणि ती पुस्तकात म्हटल्याच्या बरीच जवळ आली.

परीक्षेत मामा नापास झाले.

निकाल सांगायला भाची घरी आली, पण पाऊण तास ती मामींशी पडद्यांच्या कापडाबद्दल बोलत राहिली. शेवटी मामाच म्हणाले, "किती?"

तिने उत्तरपत्रिका पुढे ठेवली. प्रश्न सात होते, प्रत्येकाचं थोडक्यात उत्तर लिहा. मामांनी दोन लिहिले होते. पहिलं उत्तर नऊ पानांचं, त्याला प्रास्ताविक होतं, मुद्दे होते, उपमुद्दे होते, आणि वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा ते दुसऱ्याच्या 'पार्श्वभूमी'पर्यंत पोचले होते. थोडक्यात लिहायची त्यांना सवयच नव्हती. थोडक्यात लिहिलेलं पत्र त्यांच्या कार्यालयात संशयास्पद समजलं जायचं.

"मामा, मी खूप प्रयत्न केला," भाची म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "कुठे काही देता येतंय का म्हणून पेपर तीनदा बघितला."

मामांनी चष्मा लावला आणि पेपर पहिल्या पानापासून तपासला. मामी आणि भाची समोर बसून होत्या. एके ठिकाणी ते थांबले.

"इथे अर्धा गुण जास्त दिलायस," ते म्हणाले.

"राहू दे ना."

"आता राहू दे. पण पुढच्या वेळी देऊ नकोस." त्यांनी पेपर घडी करून तिला परत दिला. चेहरा नेहमीसारखाच होता, पण उठून गॅलरीत गेले ते बराच वेळ आले नाहीत. वहिनी चांगल्या गुणांनी पास झाल्याचं भाचीने मागून ओरडून सांगितलं, तेव्हा "मला माहीत होतं" एवढंच उत्तर आलं.

नवं वर्ष सुरू व्हायच्या आधी भाची पुन्हा आली, या वेळी पेढ्यांसारखा चेहरा करून. "मामा, बावीस आले! वहिनींनी दवाखान्यातल्या चौघींना आणलं. आता तुला यायची काही गरज नाही."

मामा बूट पुसत होते. ब्रश थांबला.

"गरज नाही म्हणजे?"

"म्हणजे विषय सुरक्षित आहे. तू मोकळा."

"गेल्या वर्षी मी तुझ्यासाठी येत होतो," मामा म्हणाले. "या वर्षी मी नापास आहे. नापास माणसाला मोकळा कोण करतं?" आणि दुसरा बूट घेतला.

मामींनी न सांगता पालकाच्या रकान्यात सही केली. या खेपेला प्रश्नचिन्ह न काढता.

पहिल्या दिवशी मामा पाच मिनिटं आधीच वर्गात शिरले. बावीस नवे विद्यार्थी, त्यांत चारसहा मोठ्या बायका, सगळे अनोळखी. पांढरे केस, इस्त्रीचा शर्ट आणि काखेतली जाड पुस्तकं बघून अख्खा वर्ग धडपडत उठून उभा राहिला. बाकांचा मोठा आवाज झाला. मामा दारात थांबले. त्यांनी सगळ्यांकडे एकदा नीट बघून घेतलं आणि गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ त्यांना तसंच उभं राहू दिलं.

"बसा," ते म्हणाले, आणि जाऊन पहिल्या बाकावर बसले.